झालर लावलेली पागा

पहाटेचे पाच वाजून पन्नास मिनिटं झाली होती. महांतेश बिराजदार, म्हणजे सगळ्यांचे अप्पा, शिडीच्या वरून दुसऱ्या पायरीवर उभे होते. तोंडात टाचण्या होत्या आणि डोक्यावर गुलाबी साटिनचं छत. मुदखेडच्या बाहेरच्या माळावर फेब्रुवारीचा गार वारा सुटला होता आणि झालरीची एक चूण सोनेरी पट्टीच्या खाली अर्धं बोट उतरली होती. खाली शिडी धरून उभ्या असलेल्या सटवाजीला ती दिसत नव्हती. दिवसभरात माळावर जे कुणी येणार होतं त्यातल्या एकालाही ती दिसली नसती. अप्पांना दिसली होती.

"मालक, घोड्याला कुठं कळतंय चूण?" सटवाजी खालून म्हणाला.

अप्पांनी तोंडातल्या टाचण्या हातावर घेतल्या. "नवरदेवाला तरी कुठं कळती? म्हणून काय आजवर वाकड्या लावल्या का आपण?"

सटवाजीनं यावर विचार केला. "नवरदेव खालून झालर खात न्हाई पण," तो म्हणाला.

मंडप घोड्यांसाठी होता. त्या दिवशी या माळावर 'अश्ववैभव मेळावा' भरणार होता आणि त्याचे आयोजक होते हरिओमभैय्या. भैय्या हे तालुक्याचं उगवतं नेतृत्व. गेली अकरा वर्षं ते उगवतच होते. या भागात मेळाव्याला येण्याजोगे घोडे म्हणजे मुख्यतः वरातीच्या घोड्या, त्यामुळे पंचांग बघून लग्नतिथी नसलेला दिवस धरावा लागला होता. तिथी असती तर मेळाव्याला फक्त भैय्या आले असते.

दीड महिन्यापूर्वी भैय्यांनी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. कुठल्याशा थंड देशात लोखंडी कमानींवर पांढरं जाड कापड ताणून घोड्यांसाठी लांबलचक पागा केली होती. भिंती नाहीत, पत्रा नाही. वारा या बाजूनं आत आणि त्या बाजूनं बाहेर. घोडे निवांत उभे. कापडातून गाळून आलेला उजेड दुधासारखा. भैय्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं, की मराठवाड्यातला घोडा यापुढं उन्हात उभा राहणार नाही. जाहीर केल्यावर मंडपवाला शोधणं आलं. नांदेडचे मंडपवाले भैय्यांना ओळखत होते. म्हणून फोन लातूर जिल्ह्यात, शिरूर अनंतपाळला, अप्पांना गेला.

अप्पांनी तो व्हिडिओ तीन वेळा पाहिला आणि मग बायकोला दाखवला. "एवढा मोठा देश," ते म्हणाले, "आणि छताला झालर न्हाई."

"गरीब असतील," शिवकन्या म्हणाली.

बिराजदारांचं मंडपाचं काम दोन पिढ्यांचं. वडील नागप्पा यांनी मांजरपाटाचं एक मोठं छत, बांबू आणि सुतळी यांच्यावर धंदा उभा केला. अप्पांनी त्यात साटिन आणलं, फायबरचे हत्ती आणले, पाकळ्या उघडझाप करणारं प्लास्टिकचं कमळ आणलं. शिरूर अनंतपाळपासून निलंग्यापर्यंतच्या लग्नांत माणसं जेवून उठली की वर बघून म्हणायची, बिराजदाराचं हाय काय काम. मग गावोगाव मंगल कार्यालयं झाली. त्यांना छत होतं, एसी होता, भिंतीवर कायमचे हत्ती रंगवलेले होते. अप्पांचं साटिन गोदामात पडून राहिलं. वर्षभरातली बहुतेक कामं आता मयताच्या चौदाव्याची यायची. चौदाव्याला पांढरं कापड लागतं आणि वर कुणी बघत नाही.

गोदाम सासऱ्यांचं होतं आणि सासरे वारल्यापासून ते मेव्हण्याच्या, मृत्युंजयच्या, ताब्यात होतं. मृत्युंजयचं लातूरला लॉन्स होतं. त्याला गोदामात जनरेटर आणि सोफे ठेवायचे होते. त्यानं दाजींना अगदी गोड शब्दांत सांगितलं होतं, की शिवरात्रीपर्यंत काय ते ठरवा. सामान हलवा, नाहीतर विकून टाका आणि माझ्याकडे मॅनेजर म्हणून या. एसीत बसायचं, पाहुण्यांना नमस्कार करायचा.

शिवरात्र पाच दिवसांवर होती. भैय्यांनी मात्र सांगून ठेवलं होतं, की मंडप जमला तर पुढं पाच तालुक्यांत पाच मेळावे आहेत आणि पाचही तुमचे. जमला नाही तर काय, हे भैय्यांनी सांगितलं नव्हतं. ते मृत्युंजयनं आधीच सांगून ठेवलं होतं.

तेव्हा अप्पांनी गोदामातलं सगळं बाहेर काढलं. गुलाबी छत, चारी बाजूंनी जरीच्या कनाती, खाली लाल गालिचा, मधोमध झुंबर. दर्शनी बाजूला दोन हत्तींची कमान, कमानीवर झेंडूच्या माळा आणि माळांच्या मधोमध हात जोडलेले भैय्या. भैय्यांचा फोटो हत्तींपेक्षा मोठा होता. आतल्या भागात प्रत्येक घोडीसाठी मखमली दोरीचा कप्पा आणि कप्प्यावर तिच्या नावाची पाटी. शिवकन्येनं महिनाभर मशीनवर बसून नवी झालर शिवली होती, तिहेरी चुणीची. अशी झालर तिनं स्वतःच्या मुलीच्या लग्नातही शिवली नव्हती, आणि हे तिनं दोनदा बोलून दाखवलं होतं.

ऑर्डर घेताना अप्पांनी भैय्यांच्या माणसाला एकच प्रश्न विचारला होता: "बैठक खुर्चीची की खालची?" तो प्रश्न ते प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत. भैय्यांच्या माणसानं थोडं थांबून "दोन्ही ठेवा" असं सांगितलं होतं.

पहिली घोडी साडेआठला आली. बिलोलीच्या धुरपताबाईंची शबनम. पांढरीशुभ्र, पापण्याही पांढऱ्या. धुरपताबाई साठीच्या पुढच्या. नवऱ्यामागं वीस वर्षं त्यांनी घोडीचा धंदा एकटीनं चालवला होता आणि अर्ध्या जिल्ह्याचे नवरदेव त्यांनी पाय धरून रिकिबीत बसवले होते. टेम्पोतून घोडी उतरवून त्यांनी खरारा केला, मग मंडपाकडे बघून क्षणभर उभ्या राहिल्या.

"अगं माय, कुणाचं लगीन हाय?"

"लगीन न्हाई, तुमच्या घोडीची राहायची जागा हाय, मावशी," अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजातला अभिमान लपत नव्हता. "या. आत घ्या."

शबनम रुबाबात चालत कमानीपर्यंत आली. कमानीच्या दोन पावलं अलीकडे थांबली. मान वर केली, डावी कूस मंडपाच्या दाराकडे केली आणि खांबासारखी स्थिर उभी राहिली.

सगळे वाट बघत राहिले. घोडीही वाट बघत राहिली.

"चल की," अप्पा म्हणाले.

"ती न्हाई येणार," धुरपताबाई म्हणाल्या.

"का?"

"नवरदेव उतरला न्हाई अजून."

अप्पांना वाटलं, म्हातारी चेष्टा करून राहिली. धुरपताबाई चेष्टा करत नव्हत्या. त्यांनी सविस्तर सांगितलं आणि सांगताना त्यांचीही मान शबनमसारखीच वर झाली. वरातीच्या घोडीचं सगळं काम मंडपाच्या दारापर्यंत. दारात थांबायचं, डावी कूस द्यायची, नवरदेव उतरला की मागं फिरायचं. शबनम नवी असताना एकदा नवरदेवाच्या मागोमाग थेट आत गेली होती आणि स्टेजवर जाऊन व्याह्याच्या गळ्यातला हार खाल्ला होता. त्यानंतर धुरपताबाईंनी तिला चिंचेच्या फोकानं शिकवलं, की झालर दिसली, कमान दिसली की पुढं पाय टाकायचा नाही.

"आता आभाळ पडलं तरी टाकत न्हाई," त्या म्हणाल्या. "लई शिस्तीची हाय."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्यांच्या मालकांनी माझं बघूनच शिकवलं की."

बाकीच्या येत गेल्या. भोकरची आली, देगलूरची आली, उमरीच्या दोन आल्या. प्रत्येक घोडी कमानीपर्यंत आली, थांबली, डावी कूस दिली आणि वाट बघू लागली. दहा वाजेपर्यंत मंडपाच्या दारात रांग लागली. वरात येऊन थांबली होती आणि नवरदेव तेवढे पळून गेले होते, असं ते दिसत होतं.

अप्पांनी हार मानली नाही. गूळ मागवला. शबनमनं पाय जागचे न हलवता मान इतकी लांब केली, की गूळ संपला तरी घोडी बाहेरच. मग त्यांनी सटवाजीच्या डोक्याला रुमाल बांधून त्याला घोडीवर बसवलं.

"तू दारात उतर. उतरलास की मी आत ओढतो."

"मालक, मला तीन नातवंडं हायत."

"बस."

सटवाजी बसला आणि जन्मात प्रथमच नवरदेवासारखा दिसला, कारण त्याच्या लग्नात घोडी नव्हती. दारात आल्यावर तो उतरला. शबनमनं पाठ हलकी झाल्याची खात्री केली, जागच्या जागी फिरली आणि टेम्पोकडे चालू लागली. लगाम धरलेले अप्पाही तिच्यासोबत टेम्पोपर्यंत गेले.

"वाईट वाटून घेऊ नका," धुरपताबाई म्हणाल्या. "तुमचं काम लई सुरेख हाय. म्हणूनच थांबून राहिली. साधं असतं तर ओळखलं नसतं तिनं."

अप्पांना आयुष्यात कामाची अशी पावती मिळाली नव्हती.

अकराला भैय्या आले. सोबत बँड, कॅमेरावाला आणि गळ्यात उपरणी घातलेले कार्यकर्ते. घोड्या बाहेर उन्हात उभ्या बघून भैय्यांनी अप्पांकडे पाहिलं.

"काय अडचण हाय?"

"भैय्या, लाजून राहिल्या," सटवाजी मध्येच बोलला.

"लाजतात कशा? मी आत नेतो," भैय्या म्हणाले आणि शबनमवर बसले. कॅमेरा सुरू झाला. भैय्यांनी एक हात जनतेला उंचावून दाखवला. शबनम अत्यंत देखण्या चालीनं कमानीपर्यंत गेली, थांबली आणि डावी कूस दिली. भैय्यांनी टाच मारली. घोडीनं तिची दखल घेतली नाही. तेवढ्यात बँडवाल्यानं निव्वळ सवयीनं नवरदेव उतरतानाची धून धरली, आणि धुरपताबाईंनी तितक्याच सवयीनं एका हातानं लगाम धरून दुसरा हात पुढं केला.

"उतरायचं काय ते द्या, भैय्या."

माळावर हशा उसळला. कॅमेरा चालू असल्यामुळं भैय्याही हसले. खिशात हात घालून त्यांनी काहीतरी धुरपताबाईंच्या हातावर ठेवलं आणि उतरले. शबनम मागं फिरली. भैय्यांनी फीत कापली आणि पायी आत गेले. कार्यकर्ते त्यांच्या मागोमाग गेले. त्यांना कुणी चिंचेच्या फोकानं शिकवलेलं नव्हतं.

आत फार छान होतं. झुंबर चमकत होतं, गालिच्यात पाय रुतत होते. भैय्यांनी 'मराठवाड्याची अश्वसंस्कृती' या विषयावर भाषण केलं आणि ते ऐकायला कार्यकर्ते मखमली दोरीच्या कप्प्यांत खुर्च्या टाकून बसले. 'शबनम' लिहिलेल्या पाटीखाली तालुकाध्यक्ष बसले. घोड्यांच्या चंदीसाठी घमेल्यांत हरभरे भिजवून ठेवले होते. भाषण रंगात आलं तसे ते हातोहात फिरले. मागं कुणीतरी मीठ मागवलं.

जाताना भैय्यांनी अप्पांना बाजूला घेतलं.

"अप्पा, मंडप एक नंबर. पण चार वाजता मला लाईव्ह जायचंय. मागं घोडे दिसले पाहिजेत. मंडपात. दिसले तर पाचही तालुके तुमचे."

"भैय्या, ती कमान तेवढी काढली तर..."

"कमान?" भैय्यांनी कमानीवरच्या स्वतःकडे पाहिलं. "कमानीला हात लावायचा न्हाई."

बारा वाजले. एक वाजला. ऊन चढलं. अप्पा हत्तीच्या सावलीत बसून डबा उघडतात न उघडतात तोच शिवकन्येचा फोन आला.

"झालर कशी दिसून राहिली?"

"दिसून राहिली."

"गल्लीत सगळ्यांना सांगितलंय, चार वाजता मोबाईलवर बघा म्हणून. झालर दिसली पाहिजे, काय? आणि मृत्युंजय सकाळी येऊन गेला. गोदामाचं माप घेऊन गेला टेपनं."

"माप कशाला?"

"सोफे बसतात का बघायला."

अप्पांनी डबा तसाच झाकला. उठून बघतात तर कमानीपुढं एकही घोडी नव्हती. एक क्षण त्यांना वाटलं, सगळ्या आत गेल्या. आत तालुकाध्यक्ष आडवे झाले होते. अप्पा वळसा घालून मंडपाच्या मागं गेले.

मागं, मंडप ठोकणाऱ्या पोरांनी चहासाठी चूल मांडली होती तिथं, नागप्पांच्या वेळचं मांजरपाटाचं छत अर्धी घडी करून चार बांबूंवर ताणलेलं होतं. धुऊन धुऊन त्याचा रंग कुठलाच राहिला नव्हता आणि ठिगळं मोजण्यापलीकडे गेली होती. अप्पा ते टेम्पोतल्या सामानावर झाकायला वापरत आणि लोकांसमोर कधी उघडत नसत. त्याच्या खाली सगळ्या घोड्या उभ्या होत्या. कुणी आणल्या नव्हत्या, कुणी बांधल्याही नव्हत्या. एक पाय ढिला सोडून, डोळे अर्धे मिटून त्या उभ्या होत्या. वारा चारी बाजूंनी जात होता. जागा कमी पडत होती, म्हणून उमरीच्या दोघींचा मागचा भाग उन्हात होता. धुरपताबाई शबनमच्या पोटाखालच्या सावलीत पाय पसरून भाकरी खात होत्या.

"मावशी, ह्या इथं कशा आल्या?"

"सावली दिसली, आल्या. इथं कोण उतरणार हाय?"

अप्पा बराच वेळ बघत उभे राहिले. मंडपाच्या धंद्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला छताखाली उभं राहून कुणी वर बघत नाही, याचं वाईट वाटतं. घोड्यांपैकी एकही वर बघत नव्हती. घड्याळात दोन वाजायला आले होते.

"सटवाजी, पोरं बोलव," ते म्हणाले. "मागचा अर्धा मंडप सोडायचा."

"म्हंजे?"

"कनाती काढ. साटिन उतरव. गालिचा गुंडाळ. हे वर चढवायचं."

सटवाजीनं मांजरपाटाकडे पाहिलं आणि मग अप्पांकडे. "मालक, हे भैय्यांच्या लाईव्हला?"

"पुढचा अर्धा तसाच ठेव. कमान तशीच. झालर पुढच्या बाजूला सगळी. एक टाचणी हलली तर घरी मला आत घेणार न्हाई कुणी."

मागच्या भागातली झालर अप्पांनी स्वतः उतरवली. पोरांना दिली असती तर ओढून फाडली असती. एकेक टाचणी काढून तोंडात धरत ते शिडीवर सरकत राहिले आणि पहाटे बसवलेल्या चुणी मोकळ्या करत गेले. तालुकाध्यक्षांना उठवून पुढच्या भागात हलवण्यात आलं. झोपमोड झाल्यामुळं त्यांनी अप्पांच्या कामात काही दम राहिला नसल्याचं सांगितलं. साडेतीनला मांजरपाट वर गेलं. सटवाजी लांब जाऊन बघून आला.

"मालक, रागवू नका. पुढून लगीन दिसतं आणि मागून चौदावा."

"घोड्या मागूनच येणार हायत," अप्पा म्हणाले.

मागच्या बाजूला आता ना कमान होती, ना पडदा. उमरीची एक घोडी आधी आली, कारण तिला दुपारपासून ऊन लागत होतं. मग दुसरी. शबनम थोडा वेळ उभी राहिली. धुरपताबाईंनी तिला काही सांगितलं नाही. तिनं बांबू हुंगला, मांजरपाटाखाली आली आणि इतरांच्या शेजारी उभी राहिली. अप्पांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की इतका वेळ आपण श्वासही जपून घेत होतो.

एक गोष्ट त्यांनी धरली नव्हती. वारा मागच्या बाजूनं येत होता आणि उन्हानं तापलेली घोडी उभी राहते ती वाऱ्याकडे तोंड करून.

चार वाजता भैय्या लाईव्ह गेले. तिहेरी चुणीच्या झालरीखाली, झुंबराच्या बरोबर मध्ये ते उभे होते आणि त्यांच्या मागं, दुधासारख्या उजेडात, एका ओळीत जिल्ह्यातल्या तमाम घोड्यांची ढुंगणं होती. भैय्यांना ती दिसत नव्हती. ते घोड्याच्या स्वाभिमानाबद्दल बोलत होते. 'आम्ही पाठ दाखवणाऱ्यांतले नाही' या वाक्यापाशी देगलूरच्या घोडीनं शेपटी उचलली आणि जे करायचं ते कॅमेऱ्यासमोर सावकाश केलं.

अप्पांनी डोळे मिटून घेतले. त्यांना सोफे दिसले.

पण भैय्यांचा व्हिडिओ त्या संध्याकाळी जितका पाहिला गेला तितका आधी कधीच पाहिला गेला नव्हता. लोक का बघताहेत, हे भैय्यांना कुणी सांगितलं नाही. आकडा तेवढा सांगितला. सहा वाजता त्यांनी अप्पांना बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि पाचही तालुके दिले. सूचना एकच होती. पुढचा भाग कमी पडला, कार्यकर्त्यांना बसायला अडचण झाली, तो मोठा करा. मागचा काय, उरेल तेवढ्या कापडात करा.

अप्पांनी आधी मृत्युंजयला फोन लावला. "सोफ्याचं दुसरीकडे बघा," ते म्हणाले. "सामान गोदामातच राहील." पलीकडून मृत्युंजयनं विचारलं, की घोड्यांचा व्यवसाय टिकाऊ असतो का. अप्पांनी त्याला सांगितलं, की व्यवसाय भैय्यांचा आहे, घोडे निमित्त.

मग शिवकन्येचा फोन आला.

"झालर झक्कास दिसली. गल्लीतल्या बसम्माकाकूनं तीनदा बघितली."

"बघा."

"पण घोड्यांची तोंडं कुठं होती? आणि मागं ते मामंजींचं फाटकं कापड कशाला लावलं? चार माणसांत दाखवायचं असतं का ते?"

"त्याच्यातच उभ्या राहिल्या त्या," अप्पा म्हणाले.

"मग ठिगळं तरी नीट लावून देते," शिवकन्या म्हणाली. "घेऊन या घरी."

घरी जायला वेळ नव्हता. पुढचा मेळावा बिलोलीला परवाच होता, कारण त्यानंतर थेट शिवरात्रीपर्यंत लग्नतिथ्या होत्या आणि घोड्या मोकळ्या नव्हत्या. धुरपताबाईंनी शबनमला टेम्पोत चढवलं, फळी लावली आणि जाता जाता विचारलं, "बिलोलीला मागून यायचं ना, मंडपवाले?"

"मागूनच, मावशी."

उद्या पहाटे साडेपाचला अप्पांचा टेम्पो मुदखेडहून बिलोलीला निघेल. सटवाजी पुढं बसेल. मैदानावर पोचल्यावर आधी मांजरपाट ताणायचं आहे आणि कमान दुपारनंतर.